ताट रिकामं करून गाठ उपाशी राहत नाही

प्रिय ताई,

माझे बाबा ६६ वर्षांचे आहेत. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता केमोथेरपी चालू आहे. चार महिन्यांत वजन ६२ किलोवरून ५५ वर आलंय. कॅन्सरच्या पेशी अमिनो आम्लांवर, विशेषतः ग्लुटामिन आणि मेथिओनिनवर पोसल्या जातात असं मी वाचलं आणि गेले तीन आठवडे त्यांच्या जेवणातली प्रथिनं जवळजवळ बंद केली. दादाचं म्हणणं नेमकं उलट. त्याने अमिनो आम्लांच्या पावडरचा डबा आणलाय, त्यात ग्लुटामिनच सगळ्यात जास्त. रोज आमचं यावरून वाजतं. परवा बाबा म्हणाले, "तुम्ही दोघं आधी ठरवा, मग मला वाढा." निरोगी पेशी आणि कॅन्सरची पेशी अमिनो आम्लं वेगवेगळ्या तऱ्हेने वापरतात, हे खरं आहे ना? मग माझं चुकतंय कुठे? बारावीपर्यंत सायन्स झालंय, त्यामुळे सविस्तर सांगितलंत तरी चालेल. आणि मला एकेरीच म्हणा.

– ताट वाढणारी

*

आधी कामाचं सांगते, कारण पुढचं पत्र लांबणार आहे. आज रात्रीच्या जेवणापासून बाबांच्या ताटात प्रथिनं परत येऊ देत. दादाचा डबा तूर्त बाजूला ठेव. फेकू नकोस, त्याचं एक काम आहे, ते शेवटी सांगते.

आता तुझ्या प्रश्नाकडे. तू जे वाचलंस ते खोटं नाही, आणि पंचाईत तीच आहे. तद्दन खोटी गोष्ट दोन वाक्यांत खोडता येते. ही गोष्ट प्रयोगशाळेत खरी ठरलेली आहे, तिच्यावर औषधं निघालीत, त्यातलं एक लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर कित्येक दशकं वापरलं जातंय. मी जन्मभर जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि या विषयाइतका देखणा विषय मला त्यात क्वचितच भेटला. पण "कॅन्सरच्या पेशीला अमुक अमिनो आम्ल लागतं" या वाक्यापासून "मग ते ताटातून काढून टाका" या वाक्यापर्यंत जायला जो पूल लागतो, तो कुणी बांधलेलाच नाही. तू मधल्या मोकळ्या जागेत पाऊल टाकलंस.

बारावीतलं आठव. प्रथिनांत वीस अमिनो आम्लं असतात. त्यातली नऊ शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. उरलेली अकरा शरीर घडवतं. पण हा हिशेब सबंध शरीराचा आहे, एकेका पेशीचा नाही. यकृत जे बनवतं ते रक्तातली एखादी पेशी बनवेलच असं नाही. एक अवयव घडवतो, रक्त वाहून नेतं, दुसरा वापरतो. निरोगी पेशी आणि कॅन्सरची पेशी यांचं रसायनशास्त्र वेगळं नसतं. तेच रेणू, तीच एन्झाइम्स, त्याच वाटा. फरक तीन ठिकाणी पडतो: आत किती घ्यायचं, घेतलेलं कशाला वापरायचं, आणि स्वतः काय बनवायचं सोडून द्यायचं. यातला तिसरा फरक सगळ्यात रंजक आहे आणि औषधंही जास्त करून तिथेच सापडली.

निरोगी पेशीभोवती खाण्याचा तुटवडा कधीच नसतो. रक्तात विसाच्या वीस अमिनो आम्लं फिरत असतात. तरी ती पेशी ओरपत नाही. वाढायचं आहे असा निरोप बाहेरून आला, इन्सुलिनसारख्या एखाद्या संप्रेरकाचा किंवा वाढीच्या घटकाचा, तरच ती आपली दारं पुरती उघडते. निरोप आला तरी घरात माल किती आहे हे ती तपासून बघते. हे तपासणारं जे प्रथिन आहे त्याचं नाव एमटॉर. ल्युसिन, आर्जिनिन ही अमिनो आम्लं पुरेशी आहेत का, हे त्याला कळत असतं. पुरेशी असतील तरच नवी प्रथिनं बांधायची परवानगी मिळते. (या नावातला 'आर' रॅपामायसिन या औषधाचा, आणि ते औषध ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूंपासून मिळालं. त्या बेटाचं स्थानिक नाव रापा नुई. विषयाला सोडून आहे, पण हे सांगितल्याशिवाय मला एमटॉर कधी शिकवताच आलं नाही.) बहुतेक प्रौढ पेशी विभागतच नाहीत. त्यांना अमिनो आम्लं लागतात ती झिजलेली प्रथिनं बदलायला, म्हणजे डागडुजीपुरती. जास्तीची जाळून टाकली जातात आणि त्यातला नायट्रोजन यकृतात युरिया होऊन लघवीवाटे निघून जातो.

कॅन्सरच्या पेशीत ही परवानगीची व्यवस्थाच मोडलेली असते. रास, मिक अशा नावांच्या जनुकांत बिघाड झालेला असतो किंवा ती अवाजवी चालू राहतात. त्यामुळे निरोप आलेला नसतानाही पेशीला तो सतत ऐकू येत राहतो. दारं उघडी राहतात. पेशीच्या पटलावर अमिनो आम्लं आत ओढणारी जी वाहक प्रथिनं असतात त्यांची संख्या वाढते. डागडुजीचं काम मागे पडतं आणि एकच काम उरतं: स्वतःची दुसरी प्रत काढायची. त्यासाठी प्रथिनं, डीएनए, पटलं, सगळंच दुप्पट करावं लागतं.

"कॅन्सर साखर खातो" हे वाक्य तुझ्याही कानावरून गेलं असेल. ते ओटो वारबुर्ग यांच्या १९२० च्या दशकातल्या कामावरून आलं. ऑक्सिजन असतानाही गाठीतल्या पेशी ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करत बसतात, हे त्यांनी दाखवलं. पण ग्लुकोजचा बराचसा कार्बन तसाच बाहेर फेकला जातो. वेगाने वाढणारी पेशी ज्या मालाची बनते, तो कार्बन बहुतांशी अमिनो आम्लांतून आलेला असतो, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजमापात दिसलं. म्हणजे विटा अमिनो आम्लांच्या.

आता तुझं ग्लुटामिन. १९५५ मध्ये हॅरी ईगल या शास्त्रज्ञांनी पेशी काचेच्या भांड्यात वाढवायच्या तर द्रवात नेमकं काय काय घालावं लागतं, हे एकेक घटक काढून तपासलं. तेव्हा लक्षात आलं, की ग्लुटामिन बाकीच्या अमिनो आम्लांच्या कितीतरी पट जास्त लागतं. हे जरा विचित्र होतं, कारण ग्लुटामिन त्या नऊ अत्यावश्यकांपैकी नाही. पुढे उलगडा झाला. ग्लुटामिनच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात आणि डीएनएची अक्षरं घडवताना नायट्रोजन त्याच्याकडून घेतला जातो. नायट्रोजन काढून घेतल्यावर उरतं ग्लुटामेट. त्यापासून अल्फा-कीटोग्लुटारेट होतं आणि ते क्रेब्ज चक्रात शिरतं. क्रेब्ज चक्र आपण परीक्षेसाठी ऊर्जेचं चक्र म्हणून पाठ केलं. पण वाढणाऱ्या पेशीत ते चक्र कमी आणि गोदाम जास्त असतं. सायट्रेट मेदासाठी काढून नेलं जातं, ऑक्झॅलोॲसिटेट ॲस्पार्टेट हे अमिनो आम्ल बनवायला जातं. सारखा उपसा चाललाय म्हटल्यावर कुणीतरी भर घालायला हवी. ती भर ग्लुटामिन घालतं. शिवाय त्याच ग्लुटामेटपासून ग्लुटाथिओन बनतं, जे पेशीला ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यातून वाचवतं. एवढी कामं एकाच रेणूकडे असल्यावर त्याची ओढ लागणारच. मिक जनुक चालू राहिलेल्या काही पेशींचं ग्लुटामिन प्रयोगशाळेत तोडलं तर त्या मरतात.

इथवर वाचून तू म्हणशील, मग माझं बरोबरच होतं की!

थांब. ग्लुटामिन असं भरभरून वापरणाऱ्या आणखी दोन पेशी सांगते. एक, लहान आतड्याच्या आतल्या अस्तराच्या. हे अस्तर काही दिवसांत पूर्ण बदलतं आणि त्या पेशींचं मुख्य इंधनच ग्लुटामिन आहे. दुसऱ्या, संसर्गाशी आणि कॅन्सरशीही लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी. म्हणजे ग्लुटामिनची हाव ही कॅन्सरची खूण नाही, घाईची खूण आहे. केमोमुळे बाबांचं अस्तर सोलवटलेलं असणार, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असणार. त्यांनाही याच घाईने पुन्हा उभं राहायचंय.

औषधवाल्यांनी ग्लुटामिनवर घाव घालायचा प्रयत्न केला नाही असं नाही. डॉन नावाचं एक औषध १९५० च्या दशकापासून माहीत आहे. ग्लुटामिनसारखं दिसणारं, ग्लुटामिनची एन्झाइम्स ठप्प करणारं. ते मागे पडलं, कारण आतड्याला सोसवेना. अलीकडे टेलाग्लेनास्टॅट आलं. ते फक्त ग्लुटामिनचं ग्लुटामेट करणारं एन्झाइम अडवतं. भांड्यातल्या पेशींवर झकास चाललं. मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत, दुसऱ्या औषधाच्या जोडीला देऊनही, त्याने आजार जास्त काळ रोखून धरला नाही. का, तर भांड्यातली पेशी आणि शरीरातली गाठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भांड्यातल्या द्रवात आपण सिस्टिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर घालतो. त्यामुळे पेशी ग्लुटामिनवर अधिकच विसंबून राहतात, हे नंतर कळलं. उंदरांच्या फुफ्फुसातल्या गाठी पाहिल्या तर त्या क्रेब्ज चक्राची भर ग्लुटामिनऐवजी ग्लुकोजकडूनच घालून घेत होत्या. एक दार बंद केलं की दुसरं उघडतं. तू वाचलेल्या मजकुरात हा भाग नसणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

मात्र एक गोष्ट खरोखर जमली आहे आणि ती तुला सांगायलाच हवी, कारण तुझी कल्पना तिच्याच जवळ जाणारी आहे.

१९५३ मध्ये जॉन किड हे शास्त्रज्ञ लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) असलेल्या उंदरांना सशापासून मिळवलेला प्रतिद्रव, म्हणजे प्रतिपिंडं असलेला रक्तद्रव, टोचत होते. तो नीट काम करावा म्हणून जोडीला गिनीपिगच्या रक्ताचा सीरम देत होते. तुलनेसाठी काही उंदरांना नुसताच गिनीपिगचा सीरम दिला, आणि त्यांच्याही गाठी विरघळल्या! घोड्याच्या किंवा सशाच्या सीरमने असं होत नव्हतं. आठ वर्षांनी, १९६१ मध्ये, जॉन ब्रूम यांनी कोडं सोडवलं. गिनीपिगच्या रक्तात ॲस्परॅजिनेज नावाचं एन्झाइम असतं हे १९२२ पासूनच माहीत होतं. कुणी त्याचा इकडे संबंध लावला नव्हता एवढंच. ते एन्झाइम रक्तातलं ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल तोडून टाकतं. निरोगी पेशीला त्याचं फारसं काही वाटत नाही, कारण तिच्याकडे ॲस्परॅजिन बनवायची सोय असते. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींत ही सोय अगदीच तोकडी. त्या रक्तातल्या ॲस्परॅजिनवर जगतात. ते संपलं की त्यांची प्रथिनांची बांधणी थांबते आणि त्या मरतात.

पुढे तेच एन्झाइम ई. कोलाय जिवाणूपासून मिळवता आलं आणि त्याचं औषध झालं. मुलांच्या ल्युकेमियाच्या उपचारात इतर औषधांबरोबर ते आजही दिलं जातं. अमिनो आम्लाची उपासमार करून कॅन्सर मारायचा म्हणतात तो असा.

आता यातलं बारीक बघ. ॲस्परॅजिन ताटातून काढून का नाही भागलं? कारण निरोगी पेशी ते बनवतात आणि रक्तात सोडतात. ताट कितीही कोरडं ठेवलं तरी रक्तातली पातळी शून्यावर येत नाही. ती आणायला रक्तातच सतत तोडणारं एन्झाइम सोडावं लागतं. आणि पातळी खरोखर शून्याजवळ गेली की इतर अवयवही कण्हायला लागतात. यकृताची प्रथिनं कमी पडतात, रक्त गोठण्याचा तोल जाऊन गुठळ्या होतात, स्वादुपिंड सुजतं. म्हणून हे औषध तज्ज्ञांच्या नजरेखालीच देतात. २०१८ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात स्तनाचा कॅन्सर पसरण्याशी ॲस्परॅजिनचा संबंध दिसला, तेव्हा वर्तमानपत्रांनी ॲस्परॅगस या भाजीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. का, तर १८०६ मध्ये हे अमिनो आम्ल पहिल्यांदा त्या भाजीच्या रसातून वेगळं काढलं म्हणून ते नाव! ॲस्परॅजिन जवळपास प्रत्येक प्रथिनात असतं. भाजी बिचारी नावाला बळी गेली.

तुझ्या स्वयंपाकघरात तीन आठवडे जे झालं तेही याच जातीचं. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज साधारण २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनं मोडतात आणि तितकीच नव्याने बांधली जातात. खाण्यातून येणारी प्रथिनं याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे रक्तातल्या अमिनो आम्लांचा मोठा पुरवठा ताटातून येतच नाही, स्वतःच्याच शरीरातून येतो. ताटातलं कमी केलं की रक्तातली पातळी फारशी हलत नाही; तो खड्डा स्नायू भरून काढतात. ग्लुटामिनचं तर सगळ्यात मोठं कोठारच स्नायू आहेत. तू गाठीसमोरचं ताट काढून घेतलंस आणि बाबांच्या मांड्या, दंड तिच्यापुढे वाढले गेले. कठोर लिहितेय, पण तू नीट समजावून सांगा म्हणालीस.

गाठीकडे आणखीही युक्त्या असतात. रास जनुक बिघडलेल्या पेशी आजूबाजूचा द्रव घोटाघोटाने पितात, त्यातलं अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन आत नेऊन पचवतात आणि त्याची अमिनो आम्लं करून घेतात, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. बाबांच्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिनचा आकडा असतो ना, तेच अल्ब्युमिन. स्वादुपिंडाच्या गाठीभोवतीच्या साध्या पेशी स्वतःचा भाग मोडून गाठीला ॲलॅनिन पुरवतात. असल्या पाहुण्याला उपाशी मारणं आपल्या भातुकलीचं काम नव्हे.

आता पेशीने काय बनवायचं सोडून दिलं याबद्दल थोडं, कारण मला राहवत नाही. आर्जिनिन बनवायला लागणारं एक एन्झाइम बऱ्याच मेलानोमा (त्वचेचा कॅन्सर), मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) आणि यकृताच्या कॅन्सरच्या पेशींत बंद पडलेलं असतं. वाढायची एवढी घाई असलेली पेशी स्वतःचा एक कारखाना का बंद करेल? मला पूर्वी हे निव्वळ अपघाताने होतं असं वाटायचं. २०१५ मध्ये त्यामागचा एक हिशेब पुढे आला: ते एन्झाइम ॲस्पार्टेट खर्च करतं, आणि ॲस्पार्टेट तर डीएनएच्या अक्षरांसाठी हवं असतं. कारखाना बंद केला की ॲस्पार्टेट वाचतं. आर्जिनिन काय, रक्तातून उचलता येतं. म्हणजे हा तोटा नाही, सौदा आहे. या सौद्यातच पेशी अडकते. रक्तातलं आर्जिनिन तोडणारं एक औषध, पेगार्जिमिनेज, मेसोथेलिओमाच्या २४९ रुग्णांच्या चाचणीत केमोच्या जोडीला दिलं, तेव्हा निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो काळ (मध्यक) ७.७ महिन्यांवरून ९.३ महिन्यांवर गेला. फार नाही, पण खरं. त्याच औषधाने एकट्याने यकृताच्या कॅन्सरमध्ये काही साधलं नव्हतं.

मेथिओनिनचं तू लिहिलंस, तेही असंच. बहुतेक निरोगी पेशींना मेथिओनिनऐवजी होमोसिस्टिन दिलं तर त्यापासून त्या मेथिओनिन बनवून वाढतात. कॅन्सरच्या बऱ्याच पेशींना हे मानवत नाही, असं १९७० च्या दशकात दिसलं. ही ओढ इतकी ठळक असते, की किरणोत्सारी कार्बन लावलेलं मेथिओनिन टोचून मेंदूतली गाठ स्कॅनवर पाहता येते. मेथिओनिन तोडलेल्या आहाराने उंदरांमध्ये केमो आणि रेडिएशनचा परिणाम वाढलाही. पण तो आहार म्हणजे प्रयोगशाळेत एकेक अमिनो आम्ल मोजून केलेलं मिश्रण असतं, जेवणातली प्रथिनं बंद करणं नव्हे. आणि उंदीर काही ऑपरेशनमधून उठून चार महिन्यांत सात किलोने उतरलेला नव्हता.

आणखी एक, आणि हे बाबांच्या थेट कामाचं. सेरिन नावाचं अमिनो आम्ल आहे. काही गाठी ते रक्तातून घेण्यावर न थांबता ग्लुकोजपासून स्वतःही भरमसाट बनवतात. सेरिनमधला एक कार्बन फोलेट हे जीवनसत्त्व उचलतं आणि डीएनएचं थायमिन हे अक्षर घडवायला नेऊन देतं. ही वाट तोडायची कल्पना जुनी आहे. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फोलेटविरोधी औषध दिलं, तेव्हा आजार काही काळ का होईना, पहिल्यांदा मागे हटला. ती औषधं ज्यांच्या प्रयोगशाळेतून आली ते भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला जी केमो देतात तिच्यात बहुतेक वेळा ५-फ्लुरोयुरासिल किंवा त्याचीच गोळी, कॅपेसिटाबिन, असते. ५-फ्लुरोयुरासिल हे १९५७ मधलं औषध. उंदरांच्या यकृतातल्या गाठी युरासिल जास्त उचलतात असं दिसलं होतं, म्हणून युरासिलला फ्लोरिन चिकटवून हे केलं. ते नेमकं त्याच ठिकाणी घाव घालतं, जिथे सेरिनचा कार्बन जोडून थायमिन घडतं.

कळलं का? कॅन्सरच्या पेशीची ही भूक आहे ना, तिच्यावर बाबांचं औषध आधीच हल्ला करतंय. तुला ताटातून करायचं होतं ते सलाइनमधून किंवा गोळीतून चाललंय, जास्त नेमकेपणाने.

यातूनच डब्याचा मुद्दा येतो. अशा पावडरींत बऱ्याचदा जीवनसत्त्वंही मिसळलेली असतात, फोलिक आम्लसुद्धा, म्हणजे फोलेटचंच एक रूप. ५-फ्लुरोयुरासिल किंवा कॅपेसिटाबिन चालू असताना जादा फोलिक आम्ल पोटात गेलं तर औषधाचे दुष्परिणाम वाढू शकतात. जुलाब, तोंड येणं, हातापायांची साल निघणं. कधी कधी डॉक्टर स्वतःच फोलेटचा एक प्रकार मोजून देतात, ती गोष्ट वेगळी. ग्लुटामिनची पावडर केमोचा त्रास कमी करते का, यावर अभ्यास झालेत, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. युरोपातली पोषणतज्ज्ञांची संस्था एस्पेन त्याची शिफारस करत नाही. दादाला सांग, त्याचा हेतू तुझ्यापेक्षा बरोबर होता, पण साधन चुकलं. अख्खी प्रथिनं पचून आलेली वीसही अमिनो आम्लं बाबांना हवीत, एकाच अमिनो आम्लाचा ढीग नको.

किती प्रथिनं? एस्पेनचंच म्हणणं असं, की कॅन्सरच्या रुग्णाने दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिनं घ्यावीत, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत. बाबांच्या ५५ किलोला हे साधारण ५५ ते ८० ग्रॅम झालं. उष्मांक दर किलोमागे २५ ते ३०. आधीच वजन उतरलेल्या माणसाचं खाणं आणखी तोडणाऱ्या कुठल्याही आहाराला त्यांचा स्पष्ट विरोध आहे. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा त्रास असेल तर हे आकडे बदलतात, म्हणून नक्की माप त्यांच्या डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञाकडून घे. स्नायू फार कमी झालेल्या रुग्णांना केमोचे दुष्परिणाम जास्त भोगावे लागतात असं दिसून आलंय. दंडावर, मांडीवर थोडं मांस टिकवणं हा उपचाराचाच भाग आहे. चालता येईल तेवढं चालवा. एका वेळी भरलेलं ताट बघूनच जीव घाबरत असेल तर दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्या.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. प्रथिनं परत आणली म्हणजे वजन लगेच भरून येईल असं समजू नकोस. या आजारात शरीरातली सूजच स्नायू मोडायला लावते. भूक मारते, खाल्लेलं अंगी लागू देत नाही. त्यामुळे पुढच्या महिन्यात काटा हलला नाही तर तू त्या तीन आठवड्यांना दोष देत बसशील, तो देऊ नकोस. सात किलो काही तीन आठवड्यांत गेलेले नाहीत. वजन उतरत राहिलं तर तसं डॉक्टरांना सांगायचं, त्यावर वेगळे उपाय असतात.

तर आता कामं. दर आठवड्याला त्याच वारी, सकाळी, त्याच काट्यावर बाबांचं वजन बघून वहीत लिही. पुढच्या तपासणीला ती वही आणि दादाचा डबा, दोन्ही पिशवीत टाकून न्या. डॉक्टरांसमोर डब्याचं लेबल वाचा आणि विचारा, यातलं बाबांच्या औषधाशी काय जुळत नाही? प्रथिनं तीन आठवडे बंद होती हेही सांग, लपवू नकोस. रिपोर्टमधल्या आकड्यांचा अर्थ लावताना त्यांना ते कळायला हवं.

आणि हे पत्र दादाला वाचायला दे. वाचून झालं की दोघंही बाबांसमोर जाऊन बसा. काय खावंसं वाटतंय, हे गेल्या तीन आठवड्यांत त्यांना कुणी विचारलंय का? ते विचारा, आणि ठरलंय म्हणून सांगून वाढा.